उलटा त्रिकोण, तिरपा चौरस

आमच्या वर्गाच्या भिंतीवर आकारांचा एक तक्ता आहे. लाल वर्तुळ, निळा चौरस, हिरवा आयत, पिवळा त्रिकोण. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या, तळाची बाजू आडवी सपाट, टोक बरोबर वर. कुठल्याही दुकानातून तक्ता आणा, त्रिकोण हाच निघतो. जूनमध्ये पहिलीत आलेली पोरं या तक्त्याकडे बोट दाखवून घडाघडा नावं सांगतात, काही तर इंग्रजीतसुद्धा, आणि दारात उभे असलेले पालक खूश होतात. मग मी फळ्यावर एक त्रिकोण काढते, टोक खाली करून.

"बाई, ह्यो उलटा पडलाय."

"मग हा त्रिकोण आहे का नाही?"

थोडा विचार होतो. मागून कुणीतरी म्हणतं, "सरळ केल्यावर हाय."

हे उत्तर मला फार आवडतं. पोराला त्रिकोण ओळखता येतो, पण तो त्याच्या बैठकीवरून. परात पालथी घातली तरी परातच राहते आणि खुर्ची पडली तरी ती खुर्चीच असते, हे त्याला घरी कुणी शिकवलेलं नाही. कारण परात आणि खुर्ची त्याने दहा तऱ्हांनी पाहिलेली असते. त्रिकोण मात्र त्याने एकाच तऱ्हेने बसलेला पाहिला, तोही तक्त्यात. चौरसाचं तेच. जरा तिरपा काढला की तो 'डायमंड' होतो. बारीक, लांबुळक्या त्रिकोणाला तर कुणी त्रिकोण मानायलाच तयार होत नाही. "ती सुई हाय, बाई."

मी अंथुर्ण्याजवळच्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दोन शिक्षक, एक व्हरांडा, समोर उसाचं रान. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन आणि मग आमचं गाव लागतं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा हा बागायती पट्टा. एका अंगाला भवानीनगरचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला वालचंदनगर. इथली पोरं शाळेत येताना शब्दांची मोठी पुंजी घेऊन येतात. निमुळतं, बसकं, चपटं, लांबट, टोकदार, बोथट, वाटोळं, फुगीर, कललेलं. वाफा चौकोनी आहे की एका अंगाला चिंचोळा होत गेलाय, बांध सरळ आहे की मधेच पोट काढलंय, हे सहा वर्षांचं पोर शेतात उभं राहून सांगतं. वर्गात आल्यावर आपण त्याला चार नावं पाठ करायला देतो आणि ही सगळी पुंजी दप्तराबाहेरच राहते.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. अमेरिकेत डग्लस क्लेमेंट्स, ज्युली सारामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या ९७ मुलांना वेगवेगळ्या आकृत्यांमधून आकार निवडायला सांगितले होते. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तुळ नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखलं गेलं, चौरस ऐंशीहून जास्त वेळा. त्रिकोण मात्र साठच्या आसपासच, आणि आयत तर निम्म्याच्या जरा वर. याचं कारण सरळ आहे. वर्तुळ कसंही फिरवा, ते तसंच दिसतं. त्रिकोण हजार तऱ्हांचे असतात आणि मुलांना दाखवला जातो त्यातला एक.

त्याच्याही आधी, १९५७ मध्ये, हॉलंडमध्ये पिअर व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक नवरा-बायकोने याच गुंत्यावर प्रबंध लिहिले. शाळेत भूमिती शिकवताना त्यांना दिसलं की शिक्षक एका पायरीवरून बोलतो आणि मूल दुसऱ्याच पायरीवर उभं असतं. पहिल्या पायरीवर मूल आकार एकसंध पाहतं: हा दारासारखा दिसतो, म्हणून आयत. दुसऱ्या पायरीवर ते त्याचे गुण पाहू लागतं: याला चार बाजू, चार ताठ कोपरे, समोरासमोरच्या बाजू सारख्या. तिसऱ्या पायरीवर या गुणांचं एकमेकांशी असलेलं नातं कळतं, आणि मग चौरस हाही एक आयतच, हे पटतं. डिनाबाई प्रबंध पूर्ण झाल्यावर लवकरच वारल्या. पुढचं काम पिअर यांनी नेलं. त्यांचं एक म्हणणं मला शिक्षिका म्हणून फार मोलाचं वाटतं. वरची पायरी वयाबरोबर आपोआप येत नाही, ती शिकवण्यातून येते. म्हणजे 'मोठं झालं की कळेल' हा आपला आवडता दिलासा इथे चालत नाही.

म्हणून माझ्या वर्गात नाव सगळ्यांत शेवटी येतं. आधी वस्तू हातात घ्यायची, ती कशी आहे ते सांगायचं, मग दुसरी शेजारी ठेवून सारखं काय आणि वेगळं काय ते सांगायचं. सुरुवात काडेपेटीपासून. प्रत्येकाच्या पाटीवर एक रिकामी काडेपेटी. ती चित्राच्या बाजूने आडवी ठेवायची आणि कडेकडेने पेन्सिल फिरवायची. मग ती कुशीवर ठेवायची, घासायची बाजू खाली करून, आणि पुन्हा पेन्सिल फिरवायची. मग उभी. पाटीवर तीन चौकोन तयार होतात, एक मोठा, एक लांबट, एक बारका. एकाच पेटीतून तीन निघाले याचं पोरांना पहिल्यांदा आश्चर्य वाटतं, मग भांडण लागतं की खरा कोणता.

त्या वेळी मी दोरा देते. बाजू दोऱ्याने मोजायच्या, पट्टीने नाही. आकडे आले की पोरं आकड्यांतच अडकतात. एका मुलीने एका बाजूवर दोरा लावला, चिमटीत धरला, समोरच्या बाजूवर नेला. मग दुसऱ्या जोडीवर. मान वर करून म्हणाली, "बाई, ह्या दोगी जुळ्या हायत. आन् त्या दोगी जुळ्या." झालं! आयताची व्याख्या तिने निम्मी सांगून टाकली. तेव्हापासून आमच्या वर्गात 'जुळ्या बाजू' असंच म्हणतात. नंतर सापशिडीचा फासा पाटीवर ठेवून गिरवला, तर तो कसाही ठेवला तरी चौकोन तोच येतो, आणि त्यात 'सगळ्याच जुळ्या'. काडेपेटी आणि फासा यांतला फरक सांगायला पोरांना आता इष्टिकाचिती आणि घन हे जड शब्द लागत नाहीत. पृष्ठं मोजताना मात्र निम्मा वर्ग पाचच सांगतो. जे खाली टेकलंय ते दिसत नाही, म्हणून मोजायचं राहतं.

निम्मी व्याख्या म्हटलं, कारण कोपऱ्याची गोष्ट उरतेच. ती 'पाठीला पाठ' या खेळात बाहेर येते. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात आकार कापलेला पुठ्ठा, दुसऱ्याच्या हातात पाटी. पहिल्याने नाव न घेता वर्णन करायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं. "चार बाजू हायत. दोन लांब, दोन आखूड. समोरासमोरच्या जुळ्या." एवढ्यावर जोडीदाराने काढला तो वाऱ्याने एका अंगाला झुकल्यासारखा चौकोन. पुठ्ठा शेजारी ठेवला तर जुळेना. दोघं एकमेकांवर खेकसले. "मी सांगितलं तसंच काढलंय की!" आणि खरंच, त्याने सांगितलं तसंच काढलं होतं. मग पुठ्ठेवाला म्हणाला, "तुझा कललाय. माझा ताठ हाय." आता काटकोन शिकवायला हरकत नाही, कारण आता तो मुलांना हवा आहे.

त्यासाठी कंपासपेटी लागत नाही. कागदाचा कसाही फाटका तुकडा घ्या, एक घडी घाला, मग त्या घडीचीच कड कडेवर बरोबर जुळवून दुसरी घडी घाला. कोपरा काटकोनी येतो. गवंड्याची पोरं वर्गात असतील तर ती लगेच म्हणतात, "ह्यो तर गुण्या." हा कागदी गुण्या घेऊन पोरं दार, फळा, फरशी, वही, खिडकीचे गज तपासत फिरतात. आमच्या शाळेच्या एका खिडकीची चौकट गुण्यात नाही, हे दुसरीच्या वर्गाने शोधून काढलं. कुणी बसवली ते आता कशाला विचारायचं!

दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बहुतेक बीड आणि नगरकडच्या. त्यांच्याबरोबर पोरं येतात. काही शाळेत बसतात, काही येऊन-जाऊन असतात. वर्षाच्या मध्येच शाळा बदललेली ही पोरं वाचनात मागे असतात आणि गप्प राहतात. त्यांच्यासाठी मी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बाहेर काढते. नळीचे छोटे तुकडे करून त्यांच्या दोन्ही टोकांत काडेपेटीच्या काड्या खोचायच्या, गूल काढून. कोपऱ्यात लवचिक सांधा तयार होतो. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची; पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा: तो हलत नाही. चार काड्यांचा चौरस करून दाबा: तो लगेच कलतो, कलून पार चपटा होतो. काड्या त्याच, बाजू तेवढ्याच, कोपरे बदलले. 'डायमंड' म्हणजे काय ते इथे हातात सापडतं.

चौरस का टिकत नाही असं विचारलं तेव्हा वर्गातली हुशार म्हणवणारी पोरं माझ्या तोंडाकडे पाहत बसली. टोळीबरोबर आलेल्या एका मुलाने न विचारता एक काडी उचलली, लांब पडावी म्हणून तिला अर्धी जोडली आणि चौरसाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बसवली. "हितं आडवं टाकलं की हालत न्हाई. कोपीला टाकतेत." कोपी म्हणजे ऊसतोड्यांचं बांबूचं आणि पाचटा-ताडपत्रीचं बिऱ्हाड. ते दरवर्षी नव्या फडाजवळ उभं करायचं असतं, आणि त्याने बापाबरोबर बांबू धरलेले होते. त्याने चौरसाचे दोन त्रिकोण केले होते. पत्र्याच्या शेडची कैची, विजेच्या मोठ्या लाइनचे मनोरे, सगळीकडे हेच आहे. त्या दिवशी घरी जाताना अर्ध्या वर्गाने रस्त्यावर त्रिकोण मोजले.

वर्तुळ मला वर्गात शिकवावं लागत नाही, ते वाटेवरच आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरला आमच्याच रस्त्याने जाते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं आणि बेलवाडीला सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण. आजोबांच्या खांद्यावर बसून ते न पाहिलेलं पोर आमच्याकडे मिळणं अवघड. म्हणून आषाढानंतर आम्ही मैदानात रिंगण आखतो. एकाने मधे खुंटीपाशी दोरीचं टोक धरून बसायचं, दुसऱ्याने दोरी ताणून धरत फेरी मारायची आणि टोकाला बांधलेल्या काडीने मातीवर रेघ ओढायची. कुणी दोरी सैल सोडली की रेघ आत येते आणि बाकीची ओरडतात, "चेपलं, चेपलं!" मग मी विचारते, का चेपलं? "त्यानं दोरी ढिली सोडली." म्हणजे मधल्यापासून सगळीकडे सारखं लांब पाहिजे. वर्तुळ आणि लंबगोल यांतला फरक असा पायाखाली आला की पुस्तकातली चित्रं ओळखणं सोपं जातं. गोल रिंगण आणि उभं रिंगण यांची तुलनाही पोरं आपसूक करतात: एकाला सुरुवात नाही, शेवट नाही, दुसऱ्याला दोन रांगा आणि दोन टोकं.

एकदा दोरी बरोबर १.६ मीटरची घेतली. जे वर्तुळ आलं ते ३.२ मीटर व्यासाचं, आणि त्यात अख्खा वर्ग दाटीवाटीने उभा राहिला. मग सांगितलं की १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या दोन्ही अंगांना जे एस-२०० बूस्टर होते, ते एवढे जाड होते, आणि त्यांचे भाग आपल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाले. तिथे काम करणाऱ्यांची पोरं एकदम कॉलर ताठ करून उभी राहिली. बूस्टर डब्यासारखा, वृत्तचिती. वृत्तचिती म्हणजे काय ते उतरत्या फळीवर कळतं: पावडरीचा डबा उभा ठेवला तर घसरतो, आडवा ठेवला तर गडगडतो. चेंडू नुसता गडगडतो, काडेपेटी नुसती घसरते. पाठ्यपुस्तकात घरंगळणाऱ्या आणि घसरणाऱ्या वस्तू असतातच. फक्त त्या चित्रातून उचलून फळीवर ठेवायला हव्यात.

यातलं नवं काहीच नाही, हेही सांगून टाकते. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली तेव्हा त्याने मुलांच्या हाती आधी लोकरीचे मऊ चेंडू दिले, मग लाकडाचा गोल, घन आणि दोघांच्या मधली वृत्तचिती. गोल आणि घन यांत काहीच सारखं नाही असं वाटतं तोवर वृत्तचिती येते, जी दोघांचेही थोडे थोडे गुण घेते. तुलना शिकवायची याहून नेटकी मांडणी मला ठाऊक नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला हेच काम आदिवासी पाड्यांवर नेलं. माँटेसोरीची महागडी लाकडी साधनं तिथे कुठून येणार? त्यांनी शिंपले, बिया, गोटे, पानं घेतली. आणि त्या मुलांच्या घराच्या भिंतीवर वारली चित्रं होती: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड, त्यातला एक त्रिकोण टोक खाली करून. तिथल्या पोराला कुणी 'उलटा त्रिकोण' म्हणून अडवलं नसतं.

मग आपण आकारांना एवढं दुय्यम का ठेवतो? माझं मत असं की जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं. गावोगावी होणाऱ्या 'असर'च्या पाहणीत गणित म्हणजे अंक ओळखणं, वजाबाकी, भागाकार. त्याची बातमी होते, त्यावर चर्चा होते, आणि वरून येणारे साहेबही वजाबाकीच विचारतात. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पायाभूत गणितामध्ये आकार आणि अवकाशाची समज आहे, कागदावर चांगली आहे. पण शाळेत आकारांचा पाठ म्हणजे दोन दिवसांत रंगवून संपवायचा पाठ. पुढे वरच्या वर्गांत भूमिती आली की तीच पोरं विचारतात, हा समांतरभुज चौकोन आहे हे सिद्ध कशाला करायचं, दिसतोय की! ती पहिल्याच पायरीवर राहिलेली असतात.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने टाळते. चौरस हा आयत आहे हे पहिलीत सांगायची घाई करत नाही, पण 'चौरस आयत नसतो' असं तर कधीच म्हणत नाही. जे पुढे पुसावं लागेल ते आता लिहू नये. मूल म्हणालं, "ह्याच्या पण समोरच्या बाजू जुळ्या, मग ह्यो पण त्यातलाच का?" तर "तुला काय वाटतं?" एवढंच विचारावं.

पालक विचारतात, घरी काय घ्यायचं, कोणतं ॲप चांगलं? काही घेऊ नका. दिवाळीत शंकरपाळ्यांची पोळी लाटून झाली की कातणं पोराच्या हातात द्या. आधी उभ्या रेघा, मग तिरप्या. आलेल्या शंकरपाळीच्या चारही बाजू सारख्या आहेत का, मग हिला चौरस म्हणायचं का, कागदाचा गुण्या लावून बघू दे. रेघा सरळ आडव्या मारल्या असत्या तर काय आलं असतं? कडेचे तुकडे उरतात ते कसले? ठिपक्यांची रांगोळी काढताना चार ठिपके त्याला जोडू द्या, तीन ठिपके जोडू द्या, आणि एका रेघेतले तीन ठिपके जोडून त्रिकोण का होत नाही ते त्यालाच विचारा. आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर 'आज कोणते आकार शिकवले?' असं विचारू नका. काडेपेटी आणि अंगाच्या साबणाची वडी पुढ्यात ठेवा, 'सारखं काय, वेगळं काय, सांग बरं' म्हणा, आणि ते बोलत असताना मधेच नाव सांगून त्याचं बोलणं तोडू नका.